तांदळातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव

«ताई, मी मूळची मिरजेची. लग्नाला बावीस महिने झाले. नवरा न्यू जर्सीत असतो, अमेरिकेचा नागरिक आहे. मी इचलकरंजीत सासूसासऱ्यांकडे राहते. एवढी वाट पाहिल्यावर आता मुलाखतीची तारीख आलीय, मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये, पाच आठवड्यांनी. आनंद व्हायला हवा, पण झोप उडालीय. माझ्या जन्माच्या दाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसती रेघ आहे. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे आणि लग्नात तांदळात लिहिलेलं नाव वेगळंच, विवाह नोंदणीच्या दाखल्यावरही ते कंसात आलंय. त्यात २०१८ साली मला शिक्षणासाठीचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता. फॉर्म भरून देणाऱ्या एजंटने त्या प्रश्नापुढे ‘नाही’ टाकलं आणि म्हणाला, जुनं उकरून काढू नका. लग्नाच्या पुराव्याला निदान तीनशे फोटो न्या, असंही तोच म्हणतो. ह्यांनी मध्येच नोकरी बदलली, त्यामुळे मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न कमी पगाराचा आहे. माझी केस अडकेल का? – कृष्णाकाठची एक वाचक»

कृष्णाकाठच्या माझ्या मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव, जन्माचा दाखला, पगार ही सगळी कामं पाच आठवड्यांत होण्यासारखी आहेत. त्यातली एकही गोष्ट अशी नाही की मुंबईतल्या अधिकाऱ्याने ती आधी पाहिलेली नसेल. मला काळजी वाटली ती त्या ‘नाही’ची, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

इमिग्रंट व्हिसाच्या अर्जात, म्हणजे डीएस-२६० मध्ये, याआधी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता का, असा सरळ प्रश्न असतो. २०१८ साली तुझ्या बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, तू खिडकीपुढे उभी राहिलीस. ते सगळं त्यांच्याकडे आहे. खिडकीपलीकडच्या माणसाला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि त्याच्यापुढच्या पडद्यावर तुझं ‘नाही’ दिसत असतं. हे लपवणं किती अनाठायी आहे ते बघ. विद्यार्थ्याचा व्हिसा बहुतेकदा एकाच कारणाने नाकारतात: शिक्षण संपलं की ही मुलगी परत जाईल याची खात्री पटली नाही. आता तू तिकडे कायमची राहायलाच निघाली आहेस, त्यामुळे तो नकार तुझ्या आताच्या केसला जवळजवळ लागूच होत नाही. खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. उलट खोटं बोलून व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला असं अधिकाऱ्याचं मत झालं, तर अमेरिकेच्या कायद्यात त्याला कायमची बंदी आहे. ती उठवायला वेगळा माफीचा अर्ज करावा लागतो आणि तू नसल्याने नवऱ्यावर किती मोठं संकट येईल हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. त्यात वर्षं जातात.

एजंटने भरला असला तरी अर्ज तुझा आहे. त्याखालची सहीही तुझीच धरतात. म्हणून ही चूक तू स्वतः, कुणी विचारायच्या आधी दुरुस्त करायची. सादर केलेला अर्ज आता तुला घरी बसून उघडता येणार नाही. कॉन्सुलेटच्या इमिग्रंट व्हिसा विभागाला केस नंबर घालून लेखी कळव: अमुक प्रश्नाचं उत्तर चुकीचं गेलं आहे, २०१८ मध्ये माझा विद्यार्थी व्हिसा नाकारला होता, ही दुरुस्ती नोंदवावी. त्या मेलची प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर ठेव. मुलाखतीच्या दिवशी उजवा हात वर करून शपथ घेतलीस की पहिलं वाक्य हेच बोल. आपणहून आणि वेळेत सुधारलेल्या चुकीकडे तिथे वेगळ्या नजरेने पाहतात. त्याआधी तिकडच्या एखाद्या इमिग्रेशन वकिलाशी तासभर बोलून घे, त्या फीला मागेपुढे पाहू नकोस. बाकीच्या तयारीला वकील लागेलच असं नाही, या एका गोष्टीला मात्र लागतो.

आता नावाकडे वळू.

लग्नाच्या ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलेलं नाव, मग सासरचं आडनाव, मधल्या नावात वडील जाऊन नवरा आलेला. एका दिवसात बाईची तीनही नावं बदलतात आणि कागद मात्र आपापल्या जागी राहतात. व्हिसा पासपोर्टवर असेल त्या नावाने मिळतो आणि ग्रीन कार्डही त्याच नावाने येतं. त्यामुळे तुला कळकळीने सांगते, मुलाखतीच्या आधी घाईघाईने पासपोर्टवर सासरचं नाव लावायला जाऊ नकोस. सासूबाई म्हणतील, शेजारी म्हणतील, तरीही नको. नवऱ्याने तुझ्यासाठी केलेला आय-१३० अर्ज, डीएस-२६० आणि पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, हे सगळं माहेरच्या नावाने झालेलं असणार. ते तसंच राहू दे. नाव बदलायची इच्छा असेल तर पुढे तिकडे नागरिकत्व घेताना बदलता येतं.

विवाह नोंदणीच्या दाखल्यावर कंसात आलेल्या नावासाठी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घे. त्यात तुझी जितकी नावं कुठल्याही कागदावर आली आहेत तेवढी सगळी लिही, स्पेलिंगसकट. आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंगही तपास. माझी स्वतःची मुलाखत २००५ सालची. तेव्हा कॉन्सुलेट ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होतं, २०११ मध्ये ते बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं. भुलाभाई देसाई रोडच्या फुटपाथवर रांगेत उभी असताना मी फाईल चाळली आणि लक्षात आलं, वडिलांचं ‘दत्तात्रय’ हे नाव शाळेच्या दाखल्यावर एका पद्धतीने आणि पासपोर्टवर शेवटी ‘ए’ जास्त लावून लिहिलंय. पोटात गोळा आला. खिडकीवर गेल्या गेल्या मी दोन्ही कागद पुढे सरकवले आणि फरक बोटाने दाखवला. त्या बाईंनी बघितलं, पेन्सिलीने खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. आदल्या रात्री लक्षात आलं असतं तर जागून मी ज्याची भीती बाळगली असती ते अर्ध्या मिनिटात संपलं.

(तुला लागू नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो मात्र आधी दुरुस्त करून घ्या. तसाच ठेवला तर व्हिसावर तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) अशी तीन अक्षरं येतात. पुढे बँकेत, लायसन्सवर त्याचा त्रास होतो.)

जन्माच्या दाखल्यावरची रेघ ही आपल्याकडची फार जुनी गोष्ट. बाळंतीण दवाखान्यात, बारसं व्हायचंय, नोंद करताना नुसतं ‘स्त्री’ लिहायचं आणि नाव मागाहून सांगू म्हणत ते राहूनच जायचं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ मध्ये अशा नोंदीत नंतर नाव घालायची सोय आहे. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे असते, वडिलांच्या गावी नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं. तुझा जन्म मिरजेतल्या दवाखान्यात झाला असेल तर नोंद तेव्हाच्या मिरज नगरपालिकेत असणार. १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली, म्हणून आता त्या महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जा. शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचं आधार आणि जुना दाखला घेऊन जा. याच आठवड्यात जा, कारण हेलपाटे होतील.

नाव लागलेला नवा दाखला वेळेत हातात आला तर उत्तम. नाही आला, तर जुना रेघेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं अशी जुळणी कर. प्रतिज्ञापत्र देणारी माणसं तुझा जन्म झाला तेव्हा जाणती असलेली हवीत. एक आईवडिलांपैकी. दुसरी एखादी मावशी किंवा मामा, ज्यांनी तो दिवस डोळ्यांनी पाहिलाय. तुझ्या आईला दवाखान्यात डबा कुणी नेला ते विचार, ती बाई योग्य. तारीख, ठिकाण, आईवडिलांची पूर्ण नावं, आईचं माहेरचं नाव, आणि सांगणाऱ्याला हे कसं ठाऊक, एवढं त्यात असू दे. ज्यांच्या जन्माची नोंदच सापडत नाही त्यांनी ‘नोंद आढळून येत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला त्याच कार्यालयातून घ्यायचा आणि त्याला हेच कागद जोडायचे.

नुसत्या मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागेल. भाषांतर करणाऱ्याने खाली सहीनिशी लिहायचं की भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. ते नवऱ्याने किंवा तू करू नकोस, बाहेरच्याकडून करून घे.

पीसीसीबद्दल एकच गोष्ट, कारण यात पुष्कळ जण फसतात. पोलीस ठाण्यातून मिळतं ते चारित्र्य प्रमाणपत्र नोकरीला चालतं, इथे चालत नाही. इथे पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं, पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून अर्ज करायचा. तुझं झालेलं असेल, तर त्याला दोन वर्षं होऊन गेलेली नाहीत ना ते बघ. सोळा वर्षांच्या वयानंतर दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिलेल्यांना त्या देशाचंही लागतं.

पगाराचं ओझं तुझ्यावर नाही, नवऱ्यावर आहे, आणि ‘ते कामात’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. आय-८६४ या हमीपत्रावर सही करून तो अमेरिकन सरकारला सांगतो की या बाईला मी सांभाळीन. त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या घराला ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. तक्ता दर वर्षी बदलतो, तेव्हा चालू वर्षाचा बघून घ्या. मागच्या वर्षीचा रिटर्न कमी असला तरी आजचं उत्पन्न महत्त्वाचं. नव्या कंपनीचं हुद्दा आणि पगार लिहिलेलं पत्र, गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आयआरएसकडून, म्हणजे तिथल्या आयकर खात्याकडून मिळणारा टॅक्स ट्रान्सक्रिप्ट आणि डब्ल्यू-२ हा कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद त्याने आत्ताच पाठवायला हवं. तरीही आकडा काठावर असेल तर तिथे राहणारा, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला कुणीही जोडीचा हमीदार होऊ शकतो, त्याचा वेगळा आय-८६४ आणि त्याचे कागद. दीर-नणंद किंवा मित्र, नातं असायलाच हवं असं नाही. ऐनवेळी कुणाला गळ घालण्यापेक्षा आधीच विचारून ठेवा.

तीनशे फोटो नकोत. आपल्या लग्नाच्या अल्बमात हळद, मेंदी, सप्तपदी असं सगळं झकपक असतं, पण लग्नाचे फोटो फार तर एवढंच सांगतात की समारंभ झाला. पुढचे बावीस महिने तुम्ही नवराबायको म्हणून कसे जगलात ते कागदावर दिसायला हवं. पंधरा-वीस फोटो पुरे, लग्नाचे चार आणि बाकीचे त्यानंतरचे: तो दिवाळीत आला तेव्हाचे, सासूसासऱ्यांबरोबरचे, तुझ्या माहेरचे. मागे तारीख, ठिकाण आणि माणसांची नावं लिही. त्याच्या विमानाची तिकिटं आणि पासपोर्टावरचे शिक्के. त्याने तुझ्या खात्यावर पाठवलेले पैसे, बँकेच्या पासबुकात. त्याच्या विम्यात किंवा नोकरीच्या निवृत्ती खात्यात तू वारस असशील तर तो कागद. इचलकरंजीच्या रेशन कार्डावर तुझं नाव चढलं असेल तर त्याची प्रत आवर्जून ने. सासरच्या घरात तुझं नाव सरकारी कागदावर आहे हे फार बोलकं आहे.

गप्पांचे गठ्ठे छापू नकोस. प्रत्येक दोन-तीन महिन्यांतलं एखादं पान, आणि कॉलची यादी. तुमच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. तू सकाळी चहा टाकतेस तेव्हा तो जेवून बसलेला असतो. त्या वेळेचे रोजचे कॉल यादीत ओळीने दिसतात, आणि तसं कुणाला खोटं रचता येत नाही. लग्नपत्रिका मात्र मूळ ने. तिच्यावर दोन्ही घरं, तारीख, कार्यालय सगळं छापलेलं असतं. मंगल कार्यालयाची पावती सापडली तर तीही. कार्यालयाचा किंवा देवळाचा दाखला विवाह नोंदणीची जागा घेत नाही, पण जोडीला चांगला.

तुम्हा दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर ते संपल्याचा कोर्टाचा हुकूमनामा, प्रमाणित प्रत, हवाच. पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर झालेल्या काडीमोडाच्या भरवशावर कुणी जाऊ नये. तू लिहिलं नाहीस म्हणजे नसेल, पण वाचकांत कुणी असेल म्हणून सांगितलं.

वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करायची, मुलाखतीच्या निदान दोन आठवडे आधी. छातीचा एक्स-रे, रक्त, आणि लसींची नोंद. लहानपणीचं लसीचं कार्ड आईच्या ट्रंकेत असेल तर शोध, नाहीतर काही डोस पुन्हा घ्यावे लागतात. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर एक्स-रेच्या आधी स्पष्ट सांग. तिथून बंद पाकीट मिळालं तर ते फोडायचं नाही.

या तपासणीची मुदत साधारण सहा महिने असते आणि व्हिसाही त्याच्या पुढे जात नाही. तुझ्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे, नीट वाच. तू अमेरिकेत पाऊल ठेवशील त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली नसतील तर तुला दोन वर्षांचं अटीचं ग्रीन कार्ड मिळेल, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा आय-७५१ अर्ज भरून पुन्हा लग्नाचे पुरावे द्यायचे. दोन वर्षं होऊन गेलेली असतील तर थेट दहा वर्षांचं कार्ड. मुलाखतीच्या दिवशी तुझ्या लग्नाला तेवीस महिने झालेले असतील. व्हिसा मिळाला तर लगेच तिकीट काढू नकोस. लग्नाचा दुसरा वाढदिवस इथे साजरा कर, मग नीघ, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून दोन वर्षं झाल्याचं सांग. विरहात महिना-दोन महिने आणखी काढायचे हे जड आहे, मला कळतं. पण पुढचा एक मोठा अर्ज, त्याची फी आणि त्याची धाकधूक वाचते. ठरवायचं मात्र तुम्ही दोघांनी.

मुलाखतीला जाताना मूळ कागद एका फाईलमध्ये आणि त्याच क्रमाने झेरॉक्स दुसरीत. पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, डीएस-२६० ची पावती, दोन बाय दोन इंचांचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चष्मा काढलेले फोटो हे वरच्या कप्प्यात. ठसे देण्याची वेळ आधी घ्यायची असते, ती पत्राबरोबरच्या सूचनांत बघ. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून दीर किंवा भाऊ बरोबर असू दे. इचलकरंजीहून रात्रभर बसमध्ये बसून सकाळी थेट बीकेसीला उतरू नकोस. आदल्या दिवशी ये, कुणाकडे तरी मुक्काम कर, नीट झोप.

मराठीत बोलायचं असेल तर तसं सांग, दुभाषा असतो. प्रश्न साधे असतात. कसे भेटलात, लग्न कुणी जमवलं, तो काय काम करतो, घरी कोण कोण आहे, शेवटचा कधी आला होता. स्थळ आत्याने आणलं असेल तर आत्याने आणलं असंच सांग. पाठ केलेलं इंग्रजी तिथे उपयोगी पडत नाही. एखादी गोष्ट आठवत नसेल तर आठवत नाही म्हण.

कागद कमी पडला तर २२१(जी) असं लिहिलेली एक चिठ्ठी देतात. ती हातात आली म्हणून बाहेर येऊन रडायचं नाही. त्यावर काय हवं ते लिहिलेलं असतं. तो कागद पाठवला की केस पुढे सरकते.

आज रात्री नवऱ्याचा फोन येईल तेव्हा त्याच्याशी दोनच गोष्टी बोल: वकिलाची वेळ आणि पगाराची पत्रं. उद्या सकाळी मिरजेची गाडी पकड आणि महापालिकेत दाखल्याचा अर्ज टाकून ये. पोच घ्यायला विसरू नकोस. अर्ज अडला, तर ती पोचही फाईलमध्ये लागेल.

तुझी,
ताई